सहावे चित्र

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी नसतो. मी कन्व्हर्टर. आता जुना झालो आहे. रंगाने करडा, अंगाने चपटा, पुढे दोन दिवे आणि एक गोल बटण, मागे तारांचे जंजाळ. एका व्हिडिओच्या दुकानात टीव्हीखालच्या फळीवर माझी जागा आहे. नवे गिऱ्हाईक मला डिस्क प्लेअर समजते आणि माझ्यात डिस्क घालायला तोंड शोधते. मला तोंड नाही. असते तर आज ही कहाणी सांगायची वेळ आली नसती, कारण जे बोलायचे ते मी जागच्या जागी बोललो असतो.

माझे काम समजायला अवघड नाही. फक्त ते कोणी विचारत नाही. टीव्हीवर जे हलताना दिसते ते खरे म्हणजे हलत नसते. स्थिर चित्रे एकामागून एक झरझर दाखवली, की डोळा फसतो आणि माणूस चालतो आहे असे वाटते. आता गंमत अशी, की ही चित्रे सेकंदाला किती दाखवायची यावर जगाचे एकमत झाले नाही. काही देशांनी पंचवीस ठरवली, काहींनी तीस. खरे तर तीसला किंचित कमी, पण तो हिशेब माझ्यावर सोडा. त्यामुळे तीसच्या देशातला व्हिडिओ पंचवीसच्या देशातल्या जुन्या डिस्क प्लेअरवर लावला, की चित्राचे रंग उडतात आणि ते खालून वर घसरत राहते. काही तापट प्लेअर तर डिस्क बाहेरच काढून देतात.

तिथे मी लागतो. तीस चित्रे घ्यायची आणि पंचवीस द्यायची. तुम्ही म्हणाल, त्यात काय, पाच फेकून द्या! पुष्कळजण तेच करतात. दर सहावे चित्र गाळतात आणि मोकळे होतात. पण समजा, एक मुलगी टेबलावरचा पेला उचलते आहे. तिचा हात हळूहळू पुढे चालला आहे. मधलेच एक चित्र गाळले, की हात मधली जागा न ओलांडता पुढे उडी मारतो. मग पुन्हा नीट चालतो, आणि पुन्हा उडी. सेकंदाला असे पाच हिसके. पेला उचलणाऱ्या मुलीला जणू थंडी वाजते आहे.

मी असे करत नाही. मी शेजारशेजारची दोन चित्रे समोर ठेवतो, हात कुठून कुठे निघाला आहे ते पाहतो, आणि नेमक्या त्या क्षणी तो जिथे असायला हवा तिथे त्याला ठेवून नवे चित्र बेततो. याला वेळ लागतो. तासाभराच्या व्हिडिओला पुरता तास. घाईच्या माणसांना मी कधीच आवडलो नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे कोट घातलेल्या बायका भिंगातून पाहत माझा एकेक भाग जोडत होत्या. सगळे जोडून झाल्यावर तपासणीच्या टेबलावर मला पहिल्यांदा सुरू केले आणि माझ्यातून एका घड्याळाच्या लंबकाचे चित्र सोडले. लंबक जरा जरी अडखळला असता तर मला पुन्हा उघडले असते. तपासणारी बाई कपाळाला आठ्या घालून बराच वेळ पाहत राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "हा बरा निघाला गं. कसा मऊ जातोय लंबक, बघ." त्या बाईचा चेहरा मला आता आठवत नाही, पण ते शब्द आठवतात.

तिथून मी या दुकानात आलो. एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला कपड्यांना इस्त्री करणारा, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे बसचा थांबा. दुकानाच्या मालकांना सारा रस्ता दादा म्हणतो, म्हणून मीही दादा म्हणू लागलो. त्यांनी मला खोक्यातून काढले, आपल्या रुमालाने पुसले आणि फळीवर ठेवून दोन पावले मागे जाऊन पाहिले. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, हे बघवले नाही. "माझ्याकडे कधी असं बघितलंत का?" त्या म्हणाल्या. "सवत आणलीत की मशीन?"

"हिला जपायचं," दादा म्हणाले. "आपलं दुकान हिच्या जिवावर चालणार आहे."

मी पुरुष आहे, सवत कसा होईन, हे मला सांगता आले नाही. पण मी हरखून गेलो होतो.

ते दिवस खरेच चांगले होते. समुद्रापलीकडच्या देशात ज्यांची मुले, भाऊ, बहिणी होत्या, ते सगळे आमच्याकडे येत. तिकडून व्हिडिओ येई तीसचा, आणि इकडे घरोघरी प्लेअर पंचवीसचे. दादा तो माझ्यातून सोडत, शेजारचा रेकॉर्डर तो डिस्कवर उतरवून घेई. कोणाचे पहिले पाऊल टाकणारे बाळ, कोणाची नवी गाडी, कोणाचा तिकडचा बर्फ. गिऱ्हाईक काउंटरवरच्या टीव्हीवर पाहून खूश झाले, की दादा माझ्या डोक्यावर हात ठेवत आणि म्हणत, "आमच्याकडं चित्र हलत नाही. हलायचं तेवढंच हलतं." या वाक्यावर ते स्वतःच हसत. मला ते वाक्य फार आवडे. उन्हाळ्यात ते माझ्या पाठीमागे छोटा पंखा लावत आणि स्वतः घाम पुसत बसत.

आता मी तुम्हाला शिवणवाल्या काकूंबद्दल सांगतो. माझी कहाणी त्यांच्याशिवाय सांगता येणार नाही.

काकू आमच्याच रस्त्यावर कपडे शिवतात. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्या यजमानांनाही येत नसे. ते पुस्तके बांधायचे, म्हणून त्यांना सगळे बाइंडर काका म्हणत. दोघे हातांनी बोलत. त्यांच्या लेकीला मात्र चांगले ऐकू येते, आणि ती तोंडाने व हातांनी, दोन्हींनी बोलते. ती शिकून समुद्रापलीकडे गेली आणि तिथेच नोकरीला लागली.

या घराची माझी पहिली ओळख काकांमुळे झाली. काकांना म्हातारपणी कंपवात झाला होता. त्यांचे हात थरथरू लागले. मित्रांनो, तुमचा-माझा हात थरथरला तर चहा सांडेल. काकांचे तर बोलणेच सांडत होते. बोटे एक सांगू पाहत आणि थरथर त्यात भलतेच मिसळे. लेक सुटीवर आली, तेव्हा तिने तिकडच्या कॅमेऱ्यावर वडिलांचा व्हिडिओ काढला, आणि तो काकूंच्या घरच्या टीव्हीसाठी माझ्याकडे आला.

काका खुर्चीत बसले होते आणि लेकीकडे पाहत काही सांगत होते. सांगता येईना. मग काकू चित्रात आल्या, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी काकांची दोन्ही मनगटे धरली. अगदी हलकेच. मनगटे स्थिर झाली तशी बोटे बोलू लागली, आणि काकांनी आपले म्हणणे पुरे केले. ते काय म्हणाले हे मला ठाऊक नाही, मला हातांची भाषा येत नाही. पण मी एकही चित्र वाया जाऊ दिले नाही. थरथर खरी होती, म्हणून ती जशी होती तशी दिली, आणि मनगटे धरल्यावर ती कशी थांबली तेही दिले. दादा टीव्हीसमोर उभे होते. मध्येच ते तोंड फिरवून तारा आवरू लागले. तारा आधीच आवरलेल्या होत्या. ती डिस्क त्यांनी स्वच्छ नव्या डबीत घालून दोन्ही हातांनी काकूंच्या हातात दिली. अशा माणसाकडून मला दगा होईल असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर मी त्याला खोटे पाडले असते.

पुढे काका वारले. लेक परत तिकडे गेली आणि तिथून आईसाठी व्हिडिओ पाठवू लागली. त्यात ती कॅमेऱ्यासमोर बसून आईशी हातांनी बोले. फोनवरच्या चित्रात बोटे पुसट होतात, मध्येच अडकतात, आणि काकूंना तर एकेक बोलणे चार-चारदा पाहायचे असते. म्हणून व्हिडिओ दुकानात येई, मी तो पंचवीसचा करून देई, आणि काकू घरी मोठ्या टीव्हीवर लावून बसत. प्रत्येक डिस्क त्या आधी आमच्या काउंटरवर थोडी पाहून घेत. लेकीचे हात पडद्यावर दिसले, की काकूंचे हातही त्यांच्या नकळत हलू लागत. वहिनी म्हणत, "बघा, आई-लेक बोलायला लागल्या." तेवढा वेळ दुकानात कोणी मोठ्याने बोलत नसे, जरी काकूंना त्याचा काही त्रास होणार नव्हता.

मला वाटते, मी या जगात ज्यासाठी आलो ते हेच काम होते. बाळाचे पाऊल जरा अडखळले तरी आजी हसते. पण ज्यांचे बोलणेच बोटांवर आहे, त्यांच्या बोटांत हिसका आला तर कसे चालेल?

एके दिवशी मात्र घात झाला. जवळच्या शाळेचा कार्यक्रम होऊन गेला होता आणि सगळ्या पालकांना डिस्क हव्या होत्या. शाळेचा शिपाई काउंटरवर ठाण मांडून बसला होता. "मोठ्या बाईंनी सांगितलंय, घेतल्याशिवाय येऊ नको," असे तो दर थोड्या वेळाने सांगत होता. त्यातच काकू आल्या. त्यांची डिस्क त्याच दिवशी द्यायची कबूल केली होती. दादांच्या कपाळावर घाम आला.

"मशीनला लावत बसलो तर इथंच संध्याकाळ होईल," ते म्हणाले. "हे कॉम्प्युटरवरच उरकतो. पाच मिनिटांत होतंय."

"काकूंचं ना ते?" वहिनी म्हणाल्या. "त्यांचं नेहमी मशीनवर करता तुम्ही."

"अगं, चित्र ते चित्रच. कोण मोजायला बसलंय?"

मित्रांनो, नीट लक्षात ठेवा. त्या दिवशी माझे बटण दाबलेच गेले नाही. माझे दोन्ही दिवे बंद होते. कॉम्प्युटरने लेकीच्या बोलण्यातले दर सहावे चित्र गाळले, डिस्क तयार झाली, आणि काकू घाईत ती न पाहताच पिशवीत टाकून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडते न उघडते तोच काकू पायरीवर उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून वहिनी खुर्चीवरून उठल्या. काकूंनी डिस्क काउंटरवर ठेवली, आपले दोन्ही हात पुढे केले आणि ते थरथरवून दाखवले. मग दूर, समुद्राच्या दिशेला बोट केले. मग पुन्हा हात थरथरवले आणि दादांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

दादांनी डिस्क लावली. लेकीची बोटे सेकंदाला पाच हिसके देत होती. काकांच्या हातांची थरथर जवळजवळ त्याच चालीची होती. हे माझ्या लक्षात आले, आणि काकूंच्या तर आदल्या संध्याकाळीच आले असणार. त्यांना वाटले होते, नवऱ्याचे दुखणे लेकीच्या हातांत उतरले.

लेकीच्या मागून एक मांजर चालले होते. तेही हिसके देत चालले होते. मांजराला काही कंपवात झाला नव्हता. दादांनी ते मांजर पाहिले, आणि त्यांना सगळे कळले. मी त्यांचा चेहरा पुरता ओळखतो. काकूंनी मांजराकडे पाहिले नव्हते. त्यांना लेकीच्या हातांशिवाय काही दिसतच नव्हते.

दादांनी फक्त स्वतःच्या छातीवर बोट ठेवायला हवे होते. चूक माझी, एवढे सांगायला भाषा लागत नाही. पण दादांनी खांदे उडवले, दूर समुद्राकडे बोट केले आणि हात झटकले. तिकडून असंच आलंय, मला काय माहीत, असा त्याचा अर्थ. काकूंनी आपले डावे मनगट उजव्या हातात धरले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. मग डिस्क तिथेच ठेवून निघून गेल्या.

पुढचे काही दिवस त्यांचे शिवणाचे दुकान बंद होते. त्यांनी शेजारणीकडून लेकीला निरोपावर निरोप पाठवले, की डॉक्टरकडे जा, नाहीतर इकडे निघून ये. शेवटी लेकीचाच आमच्याकडे फोन आला. तिचा आवाज इतका मोठा होता, की मला फळीवर ऐकू येत होता.

"अहो दादा, माझे हात ठणठणीत आहेत! मी पाठवलेला व्हिडिओ परत बघितला, त्यात काहीच हलत नाहीये. तुमच्याकडं काय झालं? आई जेवत नाहीये तिकडं."

दादांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता सांगतील. "काय सांगू ताई," ते म्हणाले, "आमचं मशीन म्हातारं झालंय हो. तेच मधेमधे हिसके मारतंय."

फोन ठेवल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी ते चालू तरी होतं का?"

"मग काय सांगू? घाईत उरकलं म्हणून सांगू? दुकानाचं नाव जाईल. मशीनला काय, त्याला कुठं अब्रू आहे?"

वहिनींनी हिशेबाची वही पुढे ओढली. त्यांचेही मला वाईट वाटते. त्यांना खरे माहीत होते आणि त्यांना तोंडही होते.

मला अब्रू नाही! ज्या हाताने मला रुमालाने पुसले, त्याच हाताने माझ्या डोक्यावर खापर फोडले. माझ्या बंद दिव्यांचीसुद्धा त्यांना लाज वाटली नाही. त्यांनी मला विकले असते, भंगारात घातले असते, तरी मी समजून घेतले असते. जुनी यंत्रे जातातच. पण जे काम मी आयुष्यभर केले नाही, आणि जे होऊ नये म्हणूनच मला घडवले, नेमके तेच पाप माझ्या नावावर घातले. ज्याच्या खांद्यावर विश्वासाने मान टेकावी त्यानेच केसाने गळा कापावा, तसे मला झाले.

काकू दुसऱ्या दिवशी आल्या त्या हसतच. लेकीचा निरोप मिळून त्यांचा जीव भांड्यात पडला होता. दादांनी त्यांना अभिनय करून दाखवला. हनुवटीखाली लांब दाढी कुरवाळली, कमरेत वाकून काठी टेकली, मग माझ्याकडे बोट केले. म्हातारा! काकू खळखळून हसल्या, माझ्याजवळ आल्या, माझ्यावर बोट उगारून रागावल्या आणि माझ्या डोक्यावर एक चापट मारली. त्यांना हसताना पाहून मलाही बरे वाटले. मी मनाशी म्हटले, असू दे. लेकीचे हात चांगले आहेत हे त्यांना कळले ना? माझे नाव खराब झाले तर झाले.

पण खोटे एकदा कामाला आले, की माणूस त्याला कामाला जुंपतो. त्यानंतर दुकानात काहीही बिघडले, तरी तो दाढी कुरवाळण्याचा अभिनय ठरलेला. रंग फिके आले, म्हातारा! आवाज मागेपुढे झाला, म्हातारा! एकाला दुसऱ्याचीच डिस्क दिली गेली, तेव्हाही दादांचा हात हनुवटीकडे गेला. आता डिस्कची अदलाबदल मी कशी करणार, हे त्या गिऱ्हाइकानेही विचारले नाही. काही दिवसांनी वहिनींच्या सुरेख अक्षरात माझ्यावर एक पाटी लागली: 'मशीन जुने आहे. चित्र हलल्यास तक्रार चालणार नाही.' एव्हाना बहुतेक काम कॉम्प्युटरवरच उरकले जाई आणि माझे दिवे क्वचित लागत. तरी मला फळीवरून कोणी हलवले नाही. बोल लावायला समोर कोणीतरी लागते.

एक मात्र सांगितले पाहिजे. त्या प्रकारानंतर काकूंची डिस्क दादांनी पुन्हा कधी कॉम्प्युटरवर उरकली नाही. तेवढी ती माझ्यातूनच जाई, पूर्ण वेळ घेऊन. त्यांच्या मनाला कुठेतरी टोचत असावे. त्या वेळी ते माझ्याकडे न पाहता बटण दाबत. काकूंच्या डिस्क पूर्वीसारख्याच नितळ निघत. मला वाटे, कधीतरी दादा त्यांना खरे सांगतील, आणि माझी पाटी उतरेल.

आता आजचे सांगतो.

आज सकाळी लेकीचा नवा व्हिडिओ आला. दादांनी तो माझ्यात सोडला. लेक खिडकीजवळ बसली होती. एका हाताने काही गंमत सांगत होती आणि मध्येमध्ये हसत होती. तिचा डावा हात मांडीवर मोकळा पडला होता. त्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट हलत होते. अगदी बारीक, एका चालीत, थांबत नव्हते.

मी आधी माझ्यातच दोष शोधला. इतकी वर्षे ऐकून ऐकून मलाही वाटू लागले होते, की मी खरेच हिसके मारत असेन. पण खिडकीचा पडदा वाऱ्याने मऊ हलत होता. लेक मध्येच पाणी प्यायली, तेव्हा पेला सरळ ओठांपर्यंत गेला. मी चुकत असतो तर पडदा, पेला, सारी खोलीच हिसकली असती. इथे तर त्या एका हाताची दोन बोटेच हलत होती, आणि मी बेतलेल्या प्रत्येक चित्रात ती जिथे असायला हवीत तिथेच होती. थरथर खरी होती. लेकीला स्वतःला ती ठाऊक नसावी. बोलताना आपल्या मोकळ्या हाताकडे कोण बघते?

ते दुखणे आहे, की थकवा, की नुसती थंडी, हे मला कळत नाही. ते सांगणे डॉक्टरांचे काम. पण ते पाहायला हवे, आणि जगात त्या हाताकडे पाहून ओळखील असे एकच माणूस आहे. म्हणून मी माझे काम पूर्वी कधी केले नसेल इतके जपून केले.

दुपारी काकू आल्या. आज त्या बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या, हातात मोठी पिशवी होती. नेहमीसारखी त्यांनी डिस्क काउंटरवर लावायला सांगितली. लेक दिसली तसे त्यांचे हात हलू लागले. मग थांबले. त्या टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. त्यांनी लेकीच्या मांडीवरच्या हातावर बोट ठेवले आणि दादांकडे वळून आपली दोन बोटे तशीच हलवून दाखवली. मग माझ्याकडे बोट केले आणि भुवया उंचावल्या. याचंच ना हे?

दादांनी टीव्हीकडे पाहिले. लेकीच्या खिडकीचा पडदा मऊ हलत होता. त्यांनी ते पाहिले, मित्रांनो, मी सांगतो ना, त्यांनी पाहिले. वहिनींनीही पाहिले. मी आतल्या आत ओरडत होतो, की आता तरी सांगा, मी नाही, मी नाही! माझे दिवे लागलेले होते, पण दिव्यांना बोलता येत नाही.

दादांचा हात वर आला आणि हनुवटीखाली गेला. दाढी कुरवाळली. काठी टेकली. म्हातारा.

काकू हसल्या. मागच्या खेपेसारख्याच. त्यांनी माझ्या डोक्यावर चापटसुद्धा मारली नाही, नुसते थोपटले. डिस्क पिशवीत ठेवली आणि वहिनींना हात करून बाहेर पडल्या.

"अहो, आज तर ते नीट चालत होतं," वहिनी म्हणाल्या. "मी बघितलं ना."

"असेल काहीतरी," दादा म्हणाले. "मागच्या वेळी जेवण सोडलं होतं बाईनं. उगीच कशाला घाबरवायचं त्यांना? लेक मोठी आहे, बघेल तिचं ती." आणि त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाची डिस्क हातात घेतली.

आजपासून मी त्यांना दादा म्हणणार नाही. मालक म्हणेन.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने जिन्नस आपली कहाणी संपवताना विनंती करतात, की आम्हाला पुसा, जपा, कोपऱ्यात टाकू नका. माझ्यावर धूळ बसली तर बसू दे. पाटीही राहू दे. मी एवढेच मागतो, की आपली चूक आमच्या डोक्यावर ठेवू नका. आम्ही ती निमूट वाहतो, पण मग आम्ही खरे दाखवले तरी ते कोणाला खरे वाटत नाही.

आणि अजून एक. हे मात्र आत्ता, लगेच. काकू अजून समोर बसच्या थांब्यावर उभ्या आहेत, मला काचेतून दिसतात. तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्याला असेल, तर मागून हाक मारू नका, त्यांना ऐकू येणार नाही. समोर जाऊन उभे राहा. त्यांच्या पिशवीकडे बोट करा, मग काचेतून माझ्याकडे बोट करा, आणि मान हलवा. नाही म्हणून. हातांची भाषा येत नसली तरी चालेल, त्यांना कळेल. बस वळणावर दिसू लागली आहे. जरा पळा.